तेवढाच पत्रा, तेवढंच पाणी?

“चोर! चोरच बोलनार मी! आमचे आळीचा पानी जेला कुठं?”

अबीगेल दचकून उठून बसली. सुट्टीतली तिची आवळीपाड्यातली ही पहिलीच सकाळ, आणि गावात कोंबडा आरवून उठवतो अशी तिची आपली एक समजूत होती! शेजारी तिचा दहा वर्षांचा भाऊ जोएल तोंडावर चादर ओढून घोरत होता. भूकंप झाला तरी तो उठला नसता. पोह्यांचा वास आला असता, तर मात्र लगेच उठला असता.

आवळीपाडा म्हणजे पनवेलजवळच्या कोन गावापुढचं एक लहानसं गाव. पनवेल शहरात राहणारी ही भावंडं काल संध्याकाळीच इथे आली होती, ती दीपेशकडे. दीपेश अबीगेलच्याच वर्गातला. आठवीची परीक्षा संपल्या संपल्या त्याने फर्मान काढलं होतं, “या सुट्टीत तुम्ही दोघं माझ्या गावी येणार म्हणजे येणार! आमराई आहे, तळं आहे, फुल धमाल!”

पण आत्ता अंगणात उभ्या असलेल्या दीपेशच्या चेहऱ्यावर धमालीचं नाव नव्हतं.

“कोण ओरडतंय रे?” अबीगेलने विचारलं.

“सखूआजी. मनस्वीची आजी,” तो खाली बघत म्हणाला. “माझ्या आज्यावर ओरडतेय.”

दोघं धावतच टेकाडावर गेले. तिथे गावाची पाण्याची टाकी होती. टाकीच्या पायाशी दीपेशचे आजोबा, जगनआजोबा, हातात व्हॉल्वची लांब लोखंडी चावी घेऊन उभे होते. समोर रिकामा हंडा कमरेवर घेतलेल्या सखूआजी, आणि त्यांच्यामागे दहा-बारा बायका.

गावात आळ्या तीन. देवळाची आळी, मधली आळी आणि सगळ्यात शेवटी तळ्याकडली आळी. गेली तीस वर्षं रोज सकाळी सहा वाजता जगनआजोबा टाकीवर येत. देवळाच्या आळीला अर्धा तास पाणी, मग मधलीला अर्धा तास, मग तळ्याकडलीला अर्धा तास. तीस वर्षांत त्यांनी ना कुणाचं मिनिट कापलं, ना कुणाला मिनिट जास्त दिलं. पण गेला महिनाभर तळ्याकडल्या आळीला पाणीच मिळत नव्हतं! व्हॉल्व उघडला की नळ दोनदा गुरगुरायचा, चार तांबे पाणी द्यायचा आणि फुस्स करून गप्प बसायचा.

“म्हैनाभर आमी तळ्यावरशी पानी वाहतूं!” सखूआजी कडाडल्या. “टाकी भरलेली आसते आनि आमचेपरत पानी येत नाय. मंग मदी पितो कोन? तू टँकरवाल्याला इकतंस काय?”

“सखू, मी काय बी केला नाय,” जगनआजोबा एवढंच म्हणाले.

तेवढ्यात पांढरे बूट सांभाळत विनायकशेठ आले. हे गावातले बांधकामवाले, आणि गावाच्या पाणी समितीचे प्रमुखसुद्धा. महिन्यापूर्वी जुनी गंजलेली टाकी काढून ही नवी उंच, चकचकीत टाकी त्यांनीच बसवून घेतली होती. ते जिथे तिथे तिचं कौतुक सांगत.

“भांडान नको!” शेठ म्हणाले. “टाकी नवीन हाय, पाइप नवीन हाय. म्हंजे गडबड मानसात हाय. शनवारी सकाली बैठक. तवर पत्ता लागला नाय, तर जगनदादा, चावी खाली ठेवायची.”

अबीगेलने दीपेशकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आणि बायकांच्या घोळक्यात उभी असलेली मनस्वी, जी कालपर्यंत दीपेशची जिवाभावाची मैत्रीण होती, ती मान फिरवून दुसरीकडेच बघत होती.

आज गुरुवार. हातात फक्त दोन दिवस होते!

---

“आजोबांनी काही केलेलं नाही हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे,” अबीगेल पोह्यांची बशी घेऊन म्हणाली. “पण ‘माहीत आहे’ म्हणून चालत नाही. पाणी गेलं कुठे ते शोधायला हवं.”

“गेलं असेल कुठेतरी! पाणीच ते!” जोएलने तिसऱ्यांदा पोहे घेतले.

“कुठेतरी म्हणजे कुठे? पाणी काय हवेत विरतं?”

“विरतं की. बाष्पीभवन! आम्हाला चौथीत होतं.”

“रोज एका आळीचं पाणी? मग आपण इथे वाफेवर शिजलो नसतो का?”

अबीगेलला एखादी गोष्ट डोक्यात शिरली की तिच्या मागे लागायची सवय होती. आई म्हणायची, ही पोरगी कुलपाला किल्ली का लागते हे विचारत दाराबाहेरच उभी राहील! गणितात मात्र या सवयीने तिचा घात केला होता. वृत्तचितीचं घनफळ काढायचं सूत्र तिला पाठ होतं: पाय आर वर्ग एच. पण ते तसंच का, हे कुणी सांगितलंच नव्हतं. आणि जे कळत नाही ते तिच्या लक्षात धड राहत नसे. परीक्षेत तिने त्रिज्येच्या जागी व्यास घातला आणि उत्तर चौपट आलं. बाईंनी वहीवर लाल शाईने लिहिलं, ‘एवढं पाणी कुणाच्या घरात सोडणार आहेस?’

असो. आत्ता प्रश्न चोराचा होता.

त्यांनी आधी पाइपचा माग काढला. टाकीपासून तळ्याकडल्या आळीपर्यंत तिघं उन्हातान्हात चालत गेले. कुठे ओल आहे का, कुठे गवत जरा जास्त हिरवं आहे का, कुठे कुणी चोरून जोड घेतलाय का! जमीन पापडासारखी कोरडी ठणठणीत. जोएल तर दर दहा पावलांवर जमिनीला कान लावत होता.

“काही ऐकू येतंय?”

“येतंय ना. माझ्या पोटाचा आवाज.”

आळीच्या तोंडाशी मनस्वी पाण्याची कळशी घेऊन उभी होती. तळ्यावरून चढून आल्यामुळे तिला धाप लागली होती. दीपेश थबकला.

“मनस्वी, माझा आजा चोर नाही,” तो म्हणाला.

“मग आमचं पाणी कुठे आहे?” तिने विचारलं.

“तेच शोधतोय आम्ही,” अबीगेल मध्ये पडली. “तू पण चल ना. आजोबा चोर असतील तर तुलाच आधी कळेल.”

मनस्वीने क्षणभर विचार केला. मग कळशी घराच्या ओट्यावर ठेवली आणि पदराला पुसावेत तसे हात फ्रॉकला पुसत म्हणाली, “चला!”

शुक्रवारी सकाळी सहाला चौघांनी मोर्चे बांधले. जोएल देवळाच्या आळीत, मनस्वी मधलीत, दीपेश तळ्याकडलीत, आणि अबीगेल हातात घड्याळ घेऊन जगनआजोबांच्या शेजारी. टाकीच्या डोक्यावरच्या नळीतून पाणी टिपटिप गळत होतं.

“ती नली गलते म्हंजे टाकी काठोकाठ भरली,” जगनआजोबांनी सांगितलं. “रोज येकदाच भरते. भरल्याबिगर मी चावी लावत नाय.”

सहा वाजता पहिली आळी. बरोब्बर साडेसहाला बंद. दुसरी आळी. सातला बंद. अबीगेलच्या घड्याळात सेकंदाचाही फरक नव्हता! मग तिसरा व्हॉल्व फिरला, आणि खालून दीपेशची आरोळी आली, “गुरगुरलं... आलं... गेलं!”

चौघं धापा टाकत एकत्र आले. जोएलने कुणी टँकर पाहिला नव्हता. मनस्वीने कुणी पंप लावलेला पाहिला नव्हता. तिने सावकाश दीपेशकडे बघितलं. “तुझ्या आज्याने खरंच काही केलं नाही रे,” ती म्हणाली. “सॉरी.”

“टाकी भरलेली होती,” अबीगेल बोटं मोजू लागली. “गळती नाही. चोर नाही. वेळ पूर्वीइतकाच. तरी एका आळीचं पाणी नाही. मग पूर्वी पुरत होतं ते कसं?”

“पूर्वी टाकी वेगळी होती,” दीपेश म्हणाला आणि स्वतःच थांबला.

चौघांनीही एकदम माना वर केल्या. नवी टाकी उन्हात झगमगत होती.

---

“पण ही तर जुनीपेक्षा उंच आहे!” मनस्वी म्हणाली. “जुनी ठेंगणी होती. जाडी.”

“किती जाडी?” अबीगेलने विचारलं.

ते कुणालाच सांगता येईना. जुनी टाकी भंगारात गेली होती. ती ज्या सिमेंटच्या चौथऱ्यावर होती, तिथे आता विनायकशेठची नवी कोरी गाडी उभी असायची. नवी टाकी शेजारच्या चिंचोळ्या जागेत बसवली होती.

अबीगेल पोटावर झोपून गाडीखाली बघू लागली. सिमेंटवर गंजाची तांबडी वळणदार रेघ होती! जुन्या टाकीच्या बुडाने तीस वर्षं बसून उमटवलेली.

“वर्तुळ आहे! पण अर्धं चाकांखाली गेलंय. गाडी हलायला हवी.”

“शेठ नाही हलवणार,” दीपेश म्हणाला. “सावलीसाठी भांडून घेतलीय ती जागा.”

“थांबा,” जोएल म्हणाला. तो चौथऱ्यावर सावली धरणाऱ्या वडाकडे बघत होता. वडावर बगळ्यांची चांगली मोठी वसाहत होती. तो सरळ शेठच्या ओसरीवर गेला आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “काका, तुमच्या गाडीच्या बरोब्बर वर पंचवीस बगळे बसलेत. मी मोजले. सगळ्यांचा नाश्ता झालेला दिसतोय.”

शेठ चहा टाकून धावले! दोन मिनिटांत गाडी देवळामागे गेली. जोएलने एक अक्षरही खोटं सांगितलं नव्हतं.

मनस्वीने घरून कपडे वाळत घालायची दोरी आणली, दीपेशने टेप. गंजाच्या रेघेवरून दोरी फिरवली, मग दोरी मोजली. सहा पूर्णांक सहा मीटर. आडवं माप घेतलं, दोन पूर्णांक एक मीटर. नव्या टाकीभोवती दोरी गुंडाळली, तर घेर फक्त चार पूर्णांक चार मीटर!

“बघा! टाकी बारीक झालीय!” दीपेश ओरडला.

मागून हसण्याचा आवाज आला. गाडी लावून शेठ परत आले होते.

“आरं पोरांनो, बारीक झाली तशी उंच पन झाली ना! तिकडं कमी केला ता इकडं वाढवला. पत्रा तेवढाच हाय. तेवढाच पत्रा, तेवढाच पानी! इश्वास नसंल तर कलंबोलीला टाकीवालीला जाऊन इचारा.”

“विचारतो!” अबीगेल म्हणाली.

दीपेशची स्नेहलआत्या कळंबोलीला ट्रक टर्मिनलजवळच्या एका ऑफिसात कामाला होती. ती दहाला निघायची. तिच्या गाडीत चौघं कोंबून बसले. लोखंडबाजारात पोचल्यावर जोएलचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. जिकडे बघावं तिकडे पत्र्यांच्या थप्प्या, सळ्यांचे भारे, क्रेनचे हूक, ठणठणाट आणि ठिणग्या!

टाकी बनवणाऱ्या दुकानाच्या मालकीणबाई होत्या हेतलबेन. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि जाडजूड वही काढली.

“आवळीपाडा... हां. जुनीवाली टाकी माझ्या पप्पांनी बनवली होती, माप इथेच लिहिलंय. अंगाचा पत्रा सहा पूर्णांक सहा बाय चार पूर्णांक चार. आणि नवीन पण सेम टू सेम. सहा पूर्णांक सहा बाय चार पूर्णांक चार. विनायकशेठ बोलला, जागा कमी आहे, बारीक करा. मी बोलली, मग पत्रा उभा वळवते. आधी आडवा होता. पण बेटा, मी त्याला विचारलं होतं, पाणी किती पाहिजे? तर बोलला, पत्रा तेवढाच आहे ना, मग झालं!”

आत्या ऑफिसात गेली आणि चौघं एसटीने परत निघाले. शेठचं म्हणणं खरं निघालं होतं. पत्रा खरोखरच तेवढाच होता.

“म्हणजे पाणीही तेवढंच मावणार?” दीपेशने हळूच विचारलं. उद्या शनिवार होता.

अबीगेलने रागाने खिडकीबाहेर पाहिलं. पाय आर वर्ग एच! पाठ असून काय उपयोग?

---

दुपारी मनस्वी सगळ्यांना घरी जेवायला घेऊन गेली. सखूआजींनी दीपेशकडे एकदा कडक नजरेने पाहिलं, पण पोराला उपाशी कसं ठेवणार? त्या चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. एक भाजली की टोपल्यात, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी.

अबीगेल बघत राहिली. सगळ्या भाकऱ्या सारख्या गोल. चळत सरळ वर चढत होती.

“आजी, थांबा! ही वृत्तचिती आहे!”

“ही भाकर हाय,” सखूआजी शांतपणे म्हणाल्या.

“नाही हो... म्हणजे हो! दीपेश, बघ! एक भाकरी केवढी ते कळलं, आणि चळत किती उंच ते कळलं, की झालं! बुडाची जागा गुणिले उंची. एवढंच आहे ते! एच म्हणजे चळतीची उंची. आणि पाय आर वर्ग म्हणजे... म्हणजे एक भाकरी!”

“पण भाकरीची जागा कशी काढायची? ती चौकोनी थोडीच आहे?” मनस्वीने विचारलं.

“आजी, एक भाकरी कापू?”

“काप, पन टाकायची नाय.”

अबीगेलने भाकरीच्या मधून सुरी फिरवत सोळा फोडी केल्या, जोएल वाढदिवसाच्या केकच्या करतो तशा. मग एक फोड टोक वर, तिच्या शेजारी दुसरी टोक खाली, अशा एकमेकींत अडकवत सगळ्या ओळीने लावल्या. गोल भाकरीचा लांबट चौकोन झाला! काठ थोडे वाकडे होते, पण चौकोनच.

“याची उंची म्हणजे फोडीची लांबी. मधापासून काठापर्यंत. त्रिज्या!” तिचा आवाज चढत चालला. “आणि लांबी म्हणजे काठाचा अर्धा भाग, कारण अर्ध्या फोडी वर, अर्ध्या खाली. अर्धा घेर गुणिले त्रिज्या! घेर तर आपण दोरीने मोजलाच आहे!”

दीपेशने वही ओढली. जुन्या टाकीचा अर्धा घेर तीन पूर्णांक तीन, त्रिज्या म्हणजे दोन पूर्णांक एकच्या निम्मी, एक पूर्णांक शून्य पाच. गुणाकार तीन पूर्णांक चारशे पासष्ट. त्याला उंची चार पूर्णांक चारने गुणलं. पंधरा घनमीटर आणि वर थोडं.

“एका घनमीटरला हजार लिटर,” मनस्वी म्हणाली. “म्हणजे पंधरा हजार दोनशे शेहेचाळीस लिटर!”

“आता नवी. हिचा व्यास आतून मोजता येत नाही, पण घेराला बावीस सप्तमांशाने भागलं की येतो. एक पूर्णांक चार. त्रिज्या शून्य पूर्णांक सात,” अबीगेल सांगत होती. “अर्धा घेर दोन पूर्णांक दोन. बूड एक पूर्णांक चोपन्न. उंची सहा पूर्णांक सहा.”

दीपेशच्या पेन्सिलीचं टोक मोडलं. त्याने दातांनी सोलून पुढे लिहिलं. मग तो वहीकडे बघतच राहिला.

“दहा हजार एकशे चौसष्ट.”

“पाच हजार ब्याऐंशी लिटर कमी!” अबीगेल ओरडली. “अरे, बरोब्बर तिसरा हिस्सा! तीन आळ्यांतली एक आळी!”

म्हणजे पाणी चोरीला गेलंच नव्हतं. ते टाकीत कधी आलंच नव्हतं! घेर कमी झाला की भाकरी दोन्ही बाजूंनी आक्रसते. उंची मात्र एकाच बाजूने वाढते. तिला हे इतकं स्वच्छ दिसलं की आनंदाने हसावं की एवढी सोपी गोष्ट वर्षभर कळली नाही म्हणून रडावं, तेच कळेना. जोएल तेवढ्यात पुरावा खात होता.

संध्याकाळी वहीचं पान घेऊन ते शेठकडे गेले. शेठनी पान वरून खाली पाहिलं, घडी केली आणि परत दिलं.

“कागदावर काय बी लिवता येतं. पत्रा तेवढाच हाय, हेतलबेन बोलली ना? मंग?”

---

त्याच संध्याकाळी सूर्य मावळताना अबीगेलच्या आईचा फोन आला. “शब्बाथ शालोम! उद्या लक्षात आहे ना दोघांच्या?”

“आहे ग मम्मी. लेखणी हातात धरायची नाही.”

अबीगेलचं कुटुंब ज्यू; तिच्या घरी शनिवार हा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, म्हणून पाळत. त्या दिवशी लिहायचं नाही, हा नियम तिने कधी मोडला नव्हता. आणि बैठक नेमकी शनिवारी!

“मी लिहीन की फळ्यावर,” दीपेश म्हणाला.

“लिहून उपयोगच नाही. आज बघितलंस ना शेठचं?” ती विचारात पडली. “लिहायचं नाही. दाखवायचं. शेठच्या हातानेच.”

सकाळी आठ वाजता देवळासमोर सगळं गाव जमलं. जगनआजोबांनी व्हॉल्वची चावी स्वतःहून मधल्या टेबलावर आणून ठेवली होती. ते कुणाच्याही डोळ्याला डोळा देत नव्हते.

“शेठ, आधी आम्हाला पाच मिनिटं द्याल?” अबीगेल पुढे झाली.

शेठ हसले. “बोल.”

तिने मनस्वीकडून जुन्या कॅलेंडरची दोन पानं घेतली. “ही दोन पानं सारखी आहेत का, तुम्हीच बघा.”

शेठनी एकावर एक ठेवून पाहिली. “सारखीच. तेवढाच पत्रा!” लोक हसले.

मनस्वीने एक पान आडवं वळवून चिकटवलं. रुंद, ठेंगणी नळी झाली. दुसरं उभं वळवलं. बारीक, उंच नळी झाली. अबीगेलने मोठ्या परातीत रुंद नळी उभी केली आणि बारीक नळी तिच्या आत ठेवली.

“ही जुनी टाकी. आतली उंच, ती नवी. आता शेठ, तुम्ही नवी टाकी काठोकाठ भरा.”

जोएलने कुरमुऱ्यांची पिशवी पुढे केली. ती त्याने सकाळपासून छातीशी धरली होती आणि त्यातला एकही कुरमुरा खाल्ला नव्हता, याची नोंद इतिहासाने घ्यावी! शेठनी बाह्या सरसावल्या. कुरमुरे वरपर्यंत भरले, वर शीगही काढली. अबीगेलने ती शीग हाताने सपाट केली.

“भरली?”

“फुल!”

“आता या उंच टाकीतलं सगळं पाणी जुन्या टाकीत जाणार. पत्रा तेवढाच, तर जुनी काठोकाठ भरायला हवी. हो ना?”

“हां, भरनारच!” शेठ जोरात म्हणाले. सगळ्या गावाने ऐकलं.

“मग उचला आतली.”

शेठनी उंच नळी सावकाश वर उचलली. कुरमुरे सळसळत खाली उतरले, पसरले, आणि थांबले. रुंद नळीचा वरचा तिसरा हिस्सा रिकामाच राहिला!

म्हातारे पुढे वाकून नळीत बघू लागले. शेठनी स्वतः आत हात घातला आणि रिकाम्या जागेत बोटं फिरवली.

“देवळाची आळी,” मनस्वीने नळीच्या बुडाकडे बोट दाखवलं. “मधली आळी.” मग तिने बोट वरच्या रिकाम्या भागावर आणलं. “आणि ही आमची.”

दीपेशने मग कालचे आकडे मोठ्याने वाचले. या वेळी प्रत्येकाने ऐकले. काठोकाठ भरलेली नवी टाकीसुद्धा जुनीपेक्षा पाच हजार लिटर कमी पाणी देत होती.

विनायकशेठचा चेहरा लाल झाला होता. ते गर्विष्ठ होते, निष्काळजी होते, पण खोटे नव्हते. ते उभे राहिले.

“चूक माजी हाय,” ते म्हणाले. “गाडीला जागा पायजे म्हून मी टाकी बारीक केली. हेतलबेननं इचारला होता, पानी किती पायजे. मी मोजला नाय. आनि नाव जगनदादाचा खराब केला. जुने चौथऱ्यावर माज्या खर्चानं रुंद टाकी बसवतो. आनि ही चार पोरं माप बगून हो बोलतील, तवाच पत्रा कापायचा!”

टाळ्या पडल्या. स्नेहलआत्याने चौघांना एकदमच कवेत घेतलं. देवळाच्या आळीतले एक आजोबा म्हणाले, “आमची आख्खी समिती म्हैनाभर चोर हुडकत होती, आनि ह्या पोरांनी टाकी मोजली!”

“चावी उचल, जगन,” कुणीतरी म्हणालं.

जगनआजोबा हलले नाहीत. चावी टेबलावरच पडली होती.

सखूआजी उठल्या. त्यांनी चावी दोन्ही हातांनी उचलली आणि आजोबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. काल-परवा सगळा पाडा दणाणून सोडणारा तो आवाज आता इतका खाली आला होता की ऐकायला लोक पुढे सरकले.

“जगन, मी तुला चार मानसांत चोर बोलले. चार मानसांतच बोलते, माजी चूक जाली.”

“तुजे घरान पानी नव्हता, राग येनारच,” जगनआजोबा म्हणाले. “पन सखू, तीस वरसा मना बगतेस. एकदा घरी येऊन इचारायचा होता.”

सखूआजींनी मान हलवली आणि चावी पुढे केली. आजोबांनी चावी घेतली.

रविवारी सकाळपासून नवा नियम लागू झाला. रुंद टाकी येईपर्यंत प्रत्येक आळीला अर्ध्या तासाऐवजी वीस मिनिटं, आणि सुरुवात तळ्याकडल्या आळीपासून. आजोबांनी सहाला पहिला व्हॉल्व फिरवला. वीस मिनिटांनी तो बंद करून मधल्या आळीचा उघडला, दीपेशच्या हातात घड्याळ दिलं, “सहा चालीसला बंद कर,” असं बजावलं आणि ते टेकाड उतरू लागले.

“आजोबा, कुठे?” अबीगेलने विचारलं.

“आलो.”

ती गुपचूप त्यांच्यामागून गेली. गेला महिनाभर आजोबांनी तळ्याकडल्या आळीत पाऊल टाकलं नव्हतं. आज ते तिच्या तोंडाशी क्षणभर थांबले. दारोदारी हंडे भरून उभे होते. बायका बाजूला सरून त्यांना वाट देत होत्या. शेवटच्या घरापाशी सखूआजी चुलीसमोर बसल्या होत्या.

“ये, बस,” त्या म्हणाल्या. “नलाचे पान्याचा च्या ठेवलाय.”

जगनआजोबा ओट्यावर टेकले आणि कपबशी हातात घेऊन सावकाश चहा प्यायले.